पोटखराबा

आमच्या सातबाऱ्यावर एक शब्द आहे. तो मी पोरवयापासून वाचत आलो आणि पन्नाशी उलटेपर्यंत मला त्याचा कधी राग आला नाही. शब्द आहे ‘पोटखराबा’. गटाचं एकूण क्षेत्र लिहायचं, त्यातलं पिकाखालचं वेगळं काढायचं आणि जे पिकत नाही ते पोटखराब्यात टाकायचं. ओढ्याची दरड, दगडाचा खडप आणि आमच्या रानाच्या खालच्या अंगाला असलेली तीन एकराची लव्हाळी, सगळं त्या एका शब्दात बसवलेलं. ज्याला सारा लागत नाही ते खराब. सारा गोळा करणाराच्या हिशेबाला ते बरोबर असेल. पण एखादा शब्द पिढ्यान्‌पिढ्या कागदावर राहिला की तो माणसाच्या डोक्यात उतरतो. मग खराब म्हटलेली जागा भरायला, बुजवायला, विकायला कुणाच्या जिवाला काय वाटणार?

आता ते बुजवणं आमच्या दारात आलंय, म्हणून हे लिहायला बसलो. माझं शिक्षण दहावीपर्यंत. कायद्याची भाषा मला जमत नाही. पण पाणी कुठनं येतं आणि कुठं जातं हे सांगायला दहावीसुद्धा लागत नाही.

आधी लव्हाळी म्हणजे काय ते सांगतो. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरातनं ओढा उतरतो, गावाच्या वरच्या अंगाला त्याचा उतार एकदम मोडतो आणि तिथं पाणी पसरतं. त्या पसरटात लव्हाळा माजतो, पाणकणीस उभं राहतं. काठाला वाळुंज, करंज आणि दोन जुने उंबर. टिटवी तिथंच अंडी घालते, पाणकोंबड्या पिलं घेऊन फिरतात. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की खालनं चढणीचे मासे येतात, ते याच पसरटात अंडी सोडायला. उंबराच्या बुडाला साती आसरांचे सात दगड आहेत. आमच्या आईनं त्यांना आषाढात नैवेद्य दाखवल्याशिवाय कधी भाकरी खाल्ली नाही.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या दुष्काळात माणसं खडी फोडायला जायची, मिलोची लाल भाकरी खायची. गावातल्या विहिरी एकामागं एक कोरड्या पडल्या. तेव्हा बायांनी लव्हाळीत झिरे उकरले. हातभर खाली गेलं की पाणी पाझरायचं. वाटीनं भरायचं, घागर भरायला अर्धा तास लागायचा, पण पाणी मिळायचं. रात्रीचा कंदील घेऊन मी आईबरोबर नंबराला बसलोय. गाव जगलं ते त्या पोटखराब्यावर. हे माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला विचारा.

आता प्रकरण काय आहे ते. गावाच्या वरच्या रस्त्याकडंची पाच एकर एका बाहेरच्या माणसानं घेतली. तिथं प्लॉट पाडायचे आहेत, बेचाळीस. पाच एकरात ते नीट बसत नाहीत, म्हणून त्याला खालची दीड एकर लव्हाळी पाहिजे. ती माझ्या धाकट्या भावाच्या वाटणीची. भाऊ गेला, आता ती पुतण्याच्या नावावर आहे. राहिलेली दीड एकर माझी.

नकाशा मी पाहिला. ग्रामपंचायतीच्या टेबलावर पसरून ठेवला होता. रंगीत, झाडं काढलेली, बाकडी काढलेली. त्यात आमचा ओढा शोधायला मला वेळ लागला. एका कडेनं बोटाएवढी निळी रेघ होती, सरळ, पट्टी ठेवून मारल्यासारखी. तीन मीटर रुंदी, दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत. लव्हाळीच्या जागी चार फूट मुरमाचा भराव आणि भरावावर अकरा प्लॉट. रस्ता ओढा ओलांडतो तिथं तीन फुटी सिमेंटचे दोन पाइप.

त्या दिवशी संध्याकाळी मी टेप घेऊन जुन्या पुलावर गेलो. हा पूल लव्हाळीच्या जरा खाली आहे, दगडी, माझ्या आज्याच्या काळातला. त्याचं तोंड अठरा फूट रुंद आणि आठ फूट उंच. अठरा आठे एकशे चव्वेचाळीस चौरस फूट. तीन फुटी पाइपाचं तोंड सात चौरस फुटाचं, दोन पाइपांचं चौदा. म्हणजे ज्या पाण्याला आमच्या आज्यानं एकशे चव्वेचाळीस फुटाचं दार ठेवलं, त्याला हे चौदा फुटाची खिडकी ठेवतायत. आणि पुलाचं ते दार भरून पाणी वाहताना मी स्वतः तीनदा पाहिलंय. २०१९ च्या पावसाळ्यात तर ते पुलावरनं गेलं.

दुसरा हिशेब हायस्कूलच्या मास्तरांनी करून दिला. एका एकरात एक फूट पाणी उभं राहिलं तर ते सुमारे बारा लाख लिटर भरतं. लव्हाळीत मोठ्या पावसात दोन फूट पाणी सहज राहतं. म्हणजे पुतण्याच्या दीड एकरातच छत्तीस-सदतीस लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेतीनशेच्या वर टँकर. हे पाणी लव्हाळी धरून ठेवते आणि दोन-तीन दिवस हळूहळू सोडते. भराव टाकला की ते टँकर एका रात्रीत, एकदम, खाली सुटणार.

खाली कोण आहे? खाली गावाच्या नळपाणी योजनेची विहीर आहे, ओढ्याला लागून. आणि तिच्याही खाली वस्ती आहे, वीस-बावीस घरांची. ज्यांना गावानं वरची जागा कधी दिली नाही, ती माणसं तिथं राहतात. त्यांनी ओढ्याचा काठ हौसेनं धरलेला नाही. आता वरच्या प्लॉटवाल्यांच्या अंगणात पाणी साचू नये म्हणून ते यांच्या चुलीत सोडायचं, असा हा आराखडा आहे. नकाशात ती वस्ती नाहीच. नकाशाचा कागद तिच्या अलीकडंच संपतो.

मी हे एवढं ठासून बोलतोय, तर माझ्या हातनं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. नाहीतर गावात कुणीतरी सांगेलच.

१९८८ साली मी तिशीच्या आत होतो आणि उसाच्या नादाला लागलो होतो. लव्हाळीच्या खाली ओढ्याला एक वळण होतं, बैलाच्या शिंगासारखं. ते वळण मोडलं तर माझ्या बाजूला नऊ गुंठे रान निघत होतं. दोन दिवस डोझर लावला आणि ओढा सरळ केला. कुणाची परवानगी नाही, कुणाला विचारलं नाही. नऊ गुंठ्यात ऊस लावला, पहिल्या वर्षी जोमात आला. मी गावात मिशीला पीळ देत फिरलो.

दुसऱ्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं ते बंदुकीच्या गोळीसारखं. वळणावर पाणी आधी दमायचं, आता त्याला दमायला जागाच नव्हती. समोरच्या काठाला आक्काचं रान होतं. ती विधवा बाई, पोर लहान. एका रात्रीत तिचं अकरा गुंठे काळं रान वाहून गेलं. नुसती माती नाही, शेवग्याच्या दोन झाडांसकट. सकाळी ती काठावर उभी होती आणि मी या काठावर. ती एवढंच म्हणाली, “तुझं नऊ वाढलं, माझं अकरा गेलं. हिशेब जुळला का रं?”

पुढं दोन वर्षं मी तिच्या घरी भुईमुगाच्या शेंगा पोचवल्या. तिनं घेतल्या, पण माझ्याशी बोलली नाही. मरेपर्यंत बोलली नाही.

आणि एवढ्यावर भागलं नाही. सरळ झालेल्या पाण्यानं ओढ्याचा तळ खरवडला. पाच-सहा वर्षांत पात्र पुरुषभर खोल गेलं. ओढा खाली गेला तसं काठच्या रानातलं पाणीही त्याच्याकडं निथळायला लागलं. माझी विहीर आधी वैशाखापर्यंत पुरायची, ती फाल्गुनात तळ दाखवायला लागली. त्या नऊ गुंठ्यांच्या उसाला पाणी द्यायला मी बोअर मारली. ती बोअर आता बंद आहे. त्या काळात मला कुणी आडवं आलं असतं तर मी त्याला विकासाचा शत्रू म्हटलं असतं. आज मला तेच म्हणतायत. म्हणू देत.

आता पाहणीची गोष्ट. नकाशा मंजूर करायच्या आधी जागेची पाहणी व्हावी लागते. ती झाली. कधी? मे महिन्यात, दुपारी बारा वाजता. गाडी वरच्या रस्त्याला थांबली. दोन साहेब उतरले, रुमाल डोक्याला बांधला, काठापर्यंत आले. मी तिथंच गुरं घेऊन होतो. साहेबांनी विचारलं, “हा नाला कोरडाच असतो का?”

मी म्हटलं, “साहेब, वैशाखात कोरडा आन्‌ भादव्यात पुलावरनं. तुम्ही भादव्यात या की.”

ते हसले. वीस मिनिटांत गाडी गेली. पुढं कागदावर आलं ते असं: ‘सदर नाला हंगामी स्वरूपाचा असून पाहणीवेळी कोरडा आढळून आला.’ यातलं एक अक्षर खोटं नाही. पण वैशाखात ओढा बघून भादव्यातल्या घरांना परवानगी देणं म्हणजे बैल बसलेला असताना त्याची चाल बघून सौदा करण्यासारखं आहे. बाजारात असा सौदा कुठला शेतकरी करील?

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. ओढ्याकाठच्या बांधकामाची पाहणी पावसाळ्यात झाली पाहिजे, पायी झाली पाहिजे, आणि ज्यांनी तिथलं पाणी पाहिलंय त्यांना बरोबर घेऊन झाली पाहिजे. बाकी सगळं त्याच्या मागनं येतं.

कुणी म्हणतं, कायदा आहे की. मीही तसंच समजत होतो. मास्तरांनी आणि त्यांच्या पोरीनं मला वाचून दाखवलं. पाणथळ जागांचे केंद्राचे नियम आहेत, आधी २०१० चे, मग २०१७ चे. त्यात नदीचं पात्र धरलेलं नाही, भातखाचरं धरलेली नाहीत, पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव धरलेले नाहीत. देशाच्या नकाशावर मोजलेल्या पाणथळ जागा २०१७ साली २,०१,५०३ होत्या आणि त्या राखा असं सुप्रीम कोर्टानं तेव्हा सांगितलं. पण ती मोजणी सव्वादोन हेक्टरांच्या वरच्यांची. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. आमची लव्हाळी तीन एकर. नांदूर मधमेश्वरला २०२० साली रामसरचा मान मिळाला, महाराष्ट्रातला पहिला. आनंदाची गोष्ट आहे. तिथले पक्षी बघायला माणसं गाड्या करून जातात. पण प्रत्येक ओढ्याला जी अशी दोन-तीन एकराची लव्हाळी असते, तिच्या बाजूनं कोण बोलणार?

पूररेषेचंही तसंच. निळी रेषा पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. कृष्णा-कोयनेच्या काठाला या रेषांवरनं भांडणं तरी होतात. आमच्या ओढ्याला ना निळी ना लाल. त्याची रेषा फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे आणि म्हातारे एकेक करून चाललेत.

ओढा लहान म्हणून पूर लहान, असं कुणी समजू नये. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्याच्या माणसांना विचारा. कात्रजच्या डोंगरातनं येणारा आंबील ओढा शहरातनं मुठेला मिळतो. त्या रात्री तो घराघरांत शिरला, भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. पुणे आणि आसपास मिळून वीसच्या वर माणसं त्या पावसात गेली. वाहून गेलेल्यांना आपण ओढ्यात राहतोय हे तरी ठाऊक होतं का? त्यांना तो गटारीसारखा दिसत होता. आधी ओढ्याचा नाला होतो, मग नाल्याची गटार होते, मग गटारीवर स्लॅब पडतो. आमच्या नकाशात पहिली पायरी झालेली आहे. ओढा म्हणायचं सोडून ‘नाला’ लिहिलेलं आहे.

पोटखराब्याचेसुद्धा दोन वर्ग असतात, अ आणि ब. हे मला साठीत कळलं. अ म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून टाकलेली जमीन, खडप वगैरे. ब म्हणजे रस्ता, वहिवाटीची पायवाट, दुसऱ्यांच्याही पाण्याच्या वापरातला ओढा किंवा तळं, मसणवट यांच्याखालची. म्हणजे जिच्यात सगळ्यांचा वाटा आहे ती. १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात तर नदी-ओढ्याचं पात्र सरकारच्या मालकीचंच धरलेलं आहे. तेव्हा तो ओढा डोझर लावणाऱ्या माझ्याही बापाचा नव्हता आणि पट्टी ठेवून सरळ करणाऱ्याच्याही नाही. २०११ साली सुप्रीम कोर्टानं पंजाबातल्या एका गावाच्या तळ्यावर भराव टाकून घरं बांधणाऱ्यांच्या विरोधात निकाल दिला, त्यातही सूत्र हेच होतं: गावाच्या सामायिक जागा गावाला परत करा.

इथवर वाचून शहरातला वाचक माझ्या बाजूनं मान डोलावत असेल. त्यानं जरा थांबावं. पुतण्याचं ऐकून घ्यावं.

तो मला म्हणाला, “तात्या, तुम्ही उसावर संसार केला. विहीर होती, बाजार होता. मला त्या लव्हाळीतनं काय मिळतंय? टिटवीची अंडी? पोरगी नर्सिंगला हाय, तिची फी सोसायटीच्या कर्जानं भरली. माझं रान पाण्यात हाय म्हणून मीच गावाची विहीर राखायची व्हय?”

मला उत्तर सुचलं नाही, कारण त्याचं खरं होतं. गावाला पाणी पाहिजे, खालच्या वस्तीला संरक्षण पाहिजे, टिटवीला अंडी घालायला जागा पाहिजे, आणि हे सगळं एका माणसाच्या दीड एकरावर फुकट पाहिजे. ओढे वाचवा म्हणून भाषण करणारे पुष्कळ. त्या ओढ्यावर ज्याचं नाव आहे त्याची लेक कशी शिकणार, हे त्यांच्या भाषणात नसतं. म्हणून ओढा हरतो.

चार रात्री झोप लागली नाही. मग मी पुतण्याला म्हटलं, माझं माळावरचं रस्त्याकडंचं तीस गुंठे तू घे, लव्हाळी मला दे. अदलाबदल करू. माळाला मुरूम आहे, पाया लवकर लागतो, भरावाचा खर्च नाही. प्लॉट पाडायचेच असतील तर तिथं पाड, मी आडवा येणार नाही. घरं माळाला आणि पाणी लव्हाळीला, हीच जुनी मांडणी होती. गावठाण उंचावर का वसवलं, हे आपल्या वाडवडलांना कुणी शिकवलं नव्हतं.

पुतण्या अजून विचार करतोय. माझा पोरगा मात्र तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. रस्त्याकडंची जमीन देऊन चिखल घेणारा बाप त्याला येडा वाटतो. त्याची आई मधे पडली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “त्यांचं पाप, आन्‌ फेडायचं आम्ही.” तेही खोटं नाही. १९८८ चं फेडायचंच होतं कुणीतरी.

मग ग्रामसभा झाली. मी टेपानं घेतलेली मापं सांगितली. एक जण उठून म्हणाला, “तात्याला विकास नको.” मी म्हटलं, मला चौदा फुटाची खिडकी नको, माळाला बेचाळीसच्या जागी पन्नास प्लॉट पाडा. शेवटी वस्तीतली एक म्हातारी उठली. ती कधी ग्रामसभेत बोलत नाही. म्हणाली, “वरच्यांच्या संडासाचं पाणी विहिरीत उतरल्यावर गावानं कुठलं पाणी प्यायचं, तेवढं लिवून द्या.” कुणाकडं उत्तर नव्हतं. नकाशात बेचाळीस सेप्टिक टँक आहेत आणि विहीर त्यांच्या खालच्या अंगाला आहे, हे तोवर कुणी मोठ्यानं म्हटलंच नव्हतं. ठराव झाला, पावसाळ्यात पाहणी झाल्याशिवाय गावानं दाखला द्यायचा नाही. सरपंचांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, वरनं मंजुरी आली तर आपला ठराव फार टिकणार नाही. मला ते माहीत आहे.

तरी ज्यांच्या गावात असा नकाशा आलाय त्यांना माझं सांगणं आहे. रंगीत कागद बघून गप्प बसू नका. गावाचा जुना नकाशा काढा आणि त्यात ओढा केवढा रुंद दाखवलाय ते बघा. जवळच्या जुन्या पुलाचं तोंड मोजा आणि नव्या पाइपांचं मोजा. सांडपाणी कुठं सोडणार ते विचारा. कागदाची कड संपते तिथनं खाली कोण राहतं ते स्वतः चालत जाऊन बघा. आणि ज्याची जमीन पाण्यात आहे त्याच्या घरी जाऊन बसा, त्याचं नुकसान गावानं कसं वाटून घ्यायचं ते ठरवा. हे शेवटचं केलं नाही तर आधीची मापं फुकट आहेत.

मी जुन्या पुलाच्या दगडावर ऑइलपेंटनं तीन खुणा करून ठेवल्यात. मी पाहिलेल्या तीन पुरांच्या. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्या वर दोन हात आहे. साहेबांना पत्र टाकलंय, भादव्यात या, येताना बूट काढून ठेवायच्या तयारीनं या. उंबरापासून वस्तीपर्यंत बरोबर चालू. चहा आमच्या घरी. अजून उत्तर आलेलं नाही.